भोंदू कधी 'वर वाचा' म्हणत नाही

रात्री पावणेबाराला ग्रुपवर मेसेज येतो. "नमस्कार, मी नवीन आहे. मुलगा ६ वर्षांचा. काल दवाखान्यातून घरी आणला. हे बरं होतं ना?"

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबापांचा हा ग्रुप. बहुतेक सगळे इंदूरचे मराठी, थोडे देवास-उज्जैनचे, आणि इथून पुण्याला गेलेली पण ग्रुप न सोडलेली दोन-तीन कुटुंबं. हा प्रश्न आम्ही इतक्यांदा वाचलाय की उत्तर झोपेतही देऊ. नाही, आज तरी बरं होत नाही. इन्सुलिन आयुष्यभर घ्यावं लागतं. ते नीट घेतलं तर मूल शाळेत जातं, खेळतं, भांडतं, मोठं होतं. एवढंच सांगायचं असतं. तरी त्या प्रश्नाखाली पुष्कळदा पहिलं उत्तर पडतं ते असं: "हे आधी झालंय. वर वाचा."

माझ्या मुलीला सातव्या वर्षी टाइप वन निघाला, त्याला आता नऊ वर्षं झाली. 'वर वाचा' मीसुद्धा लिहिलेलं आहे. त्याचं पुढे काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी आजार थोडा समजून घ्यावा लागेल. कारण नवीन आलेल्या माणसाशी कसं बोलावं हा वरवर शिष्टाचाराचा प्रश्न दिसतो, आणि टाइप वनमध्ये तो औषधपाण्याइतका कामाचा होऊन बसतो.

पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, आणि रक्तातली साखर शरीराच्या कामी यायची तर इन्सुलिन लागतंच. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या बीटा पेशींना परकं समजून मारत सुटते. आमचं इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून इथे काहीही समजावताना कचरागाडी मदतीला येते. समजा, गाडीवाल्यानं ओला कचरा, सुका कचरा नेता नेता एक दिवस तुमच्या ओट्यावरचा गॅसच उचलून नेला. डब्यात पीठ भरपूर आहे, पण पोळी भाजणार कशावर? रक्तात साखर तुडुंब आणि पेशी उपाशी, अशी ही अवस्था. मूल खा-खा खातं, घटाघटा पाणी पितं, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठतं आणि तरी दिवसेंदिवस वाळत जातं.

यात गोड खाण्याचा संबंध नाही. आईनं गरोदरपणात काय खाल्लं याचा नाही, नजर लागण्याचा तर नाहीच नाही. आजोबांना साठीत होतो तो मधुमेह बहुतेक वेळा टाइप टू असतो. त्यात शरीर थोडंफार इन्सुलिन बनवत असतं, त्यामुळे पथ्य, चालणं आणि गोळ्या यांच्यावर पुष्कळ वर्षं निभावतं. पण हा आजार घरोघरी असल्यामुळे अख्ख्या कॉलनीकडे मधुमेहावरचा सल्ला तयार असतो, आणि तो सगळा टाइप टूचा असतो. कारल्याचा रस घे, भात सोड, सकाळी फिरायला जा. सहा वर्षांचं पोर काय फिरायला जाणार! टाइप वनला इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. ते थांबलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साचत जातं. डॉक्टर त्याला डीकेए म्हणतात. उलट्या, पोटदुखी, खोल-खोल श्वास, मग ग्लानी. एक-दोन दिवसांत, कधी त्याहून लवकर, गोष्ट जिवावर येते.

म्हणजे आमच्याकडे नवीन माणसाला चुकायला फार मोकळीक नसते.

आता हा नवीन माणूस आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा कुठल्या स्थितीत असतो ते बघा. दवाखान्यातून घरी सोडताना त्याला तासाभरात काय काय सांगितलेलं असतं. इन्सुलिन दोन प्रकारचं, एक सावकाश चालणारं आणि एक जेवणापुरतं. दोन्हींचे डोस वेगळे, युनिटमध्ये मोजायचे. न उघडलेलं फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या खणात नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. टोचायची जागा बदलत राहायची. शुगर ७०च्या खाली गेली की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. ताप आला, उलट्या झाल्या, मूल जेवलं नाही, तरी सावकाश चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. शाळेत सांगायचं. वहीत लिहायचं.

यातलं किती लक्षात राहतं? डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतो, असं रॉय केसेल्स या मानसशास्त्रज्ञानं २००३ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं होतं. जे लक्षात राहतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं राहतं. हा बावळटपणा नव्हे. घाबरलेलं मन एकाच गोष्टीवर खिळतं आणि बाकीचं कानावर पडून निघून जातं. त्या दिवशीचं मला काय आठवतं विचाराल, तर इन्सुलिन पेनच्या टोपणाचा रंग. नारिंगी होतं. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला 'आयुष्यभर' हा एकच शब्द आठवतो. दोघं सुशिक्षित, दोघं नोकरी करणारे, आणि घरी आल्यावर राजेंद्रनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून एकमेकांना विचारत होतो, "जेवणाआधी टोचायचं की नंतर?"

तर अशा माणसाला 'वर वाचा' म्हणायचं. वर काय असतं? हजारो मेसेज, त्यात वाढदिवसाचे केक, तिळगुळाच्या शुभेच्छा, कुणाच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे आलेख, आणि मध्येच कुठेतरी ते उत्तर.

पण त्याहून मोठी गोम आहे ती त्या 'ना'मध्ये. "हे बरं होतं का?" हा प्रश्न माहितीचा आहे. "हे बरं होतं ना?" हा तसा नाही. आपल्या भाषेत 'ना' लावला की विचारणाऱ्याला उत्तराची अर्धीअधिक कल्पना असते. डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं, त्यानं गूगलवर तीनदा पाहिलेलं असतं. तो आता सोबत शोधतोय. अंधाऱ्या जिन्यात "तू आहेस ना?" असं मूल विचारतं, त्यातला तो 'ना'. तिथे कुणी "हे आधी सांगितलंय" म्हणत नाही.

असे वेश पालटून आलेले प्रश्न आमच्याकडे पुष्कळ. "इंजेक्शनाची सवय लागते का?" म्हणजे सासूबाई म्हणताहेत की लावलं तर सुटणार नाही, आणि त्यांना काय उत्तर देऊ. "तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी होता का?" म्हणजे घरात दोष कुणाचा यावरून धुसफूस सुरू झालीय. मुलीच्या आईनं कुठलाही प्रश्न विचारला तरी त्याच्या तळाशी "पुढे लग्न होईल का" हे असतंच, आणि ते ती सहसा सहा महिने तरी लिहीत नाही.

मग आम्ही, इतकी वर्षं यातून गेलेली माणसं, असं का वागतो? दुष्ट म्हणून नाही. एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग मला यासाठी फार आवडतो. काही लोकांना तिनं ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० वेळा वाजवलं, ओळखली गेली ३. घरी करून बघा, चांगली करमणूक होते. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, पेटी-तबला सगळं चालू असतं, आणि समोरच्याला ऐकू येतं नुसतं टकटक. गंमत अशी की वाजवणारा वैतागतो. एवढं सोपं आणि कळत नाही याला!

आम्ही लिहितो, "बेसल दोनने वाढवा, कार्ब काउंट चेक करा, पहाटे हाय येतेय म्हणजे डॉन असेल." आमच्या डोक्यात अख्खं गाणं. त्या बाईला ऐकू येते टकटक. (पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढून शुगर चढते, त्याला आम्ही 'डॉन' म्हणतो, इंग्रजीत डॉन म्हणजे पहाट. मला स्वतःला हे कळायला दीड वर्ष लागलं, तोवर मला वाटायचं ग्रुपवरची मंडळी सिनेमाबद्दल बोलताहेत.)

दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. नवीन माणूस आला की आपला पहिला आठवडा आपल्यासमोर येऊन उभा राहतो. तो आपण मोठ्या कष्टानं मागे टाकलेला असतो. त्याची चिडचिड त्या बाईवर निघते.

आता माझी गोष्ट. दिवाळीचा आठवडा. चकल्यांचा घाणा चालू, एका हाताला पीठ, दुसऱ्या हाताच्या तेलकट बोटानं मी फोन बघत होते. एका नवीन आईनं विचारलं होतं, "इंजेक्शनाऐवजी गोळी चालेल का?" मी लिहिलं, "टाइप वनला गोळी चालत नाही. हे पन्नास वेळा सांगून झालंय. वर वाचा." माहिती शंभर टक्के बरोबर. तिनं "सॉरी" लिहिलं, हात जोडलेलं चित्र टाकलं आणि नंतर कधी काही लिहिलं नाही. मला ते लक्षातही आलं नाही. चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

दोन-अडीच महिन्यांनी आमच्यातल्याच एकीचा फोन आला, की त्या बाईचा मुलगा अतिदक्षता विभागात आहे, डीकेए. आम्ही दोघी गेलो. बाहेरच्या बाकड्यावर ती बसली होती, मांडीवर मुलाचा स्वेटर. कुठल्याशा माणसाकडून तिनं एक पूड आणली होती, सकाळ-संध्याकाळ मधातून, आणि तीन आठवड्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. मुलगा वाचला, आज छान आहे, एवढं आधीच सांगून टाकते. पण त्या माणसाबद्दल ती जे म्हणाली ते मी विसरलेली नाही. ती त्याला शिव्या देत नव्हती. म्हणाली, "त्यांनी आधी बसवलं हो. पाणी दिलं. ह्याचं नाव विचारलं. पाऊण तास माझं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही."

मी 'वर वाचा' म्हटलं म्हणून ती तिकडे गेली असं सरळ गणित मी मांडत नाही. सासरच्यांचा आग्रह होता, खर्चाची ओढाताण होती, आणि कुणाला आपल्या मुलाला दिवसातून चारदा टोचायला आवडेल? पण पूड सुरू केली तेव्हा "असं असं करतेय, काय वाटतं?" असं विचारायला तिच्याजवळ आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं. ते दार मी लावलं होतं.

आणि इथेच टाइप वनचा सगळ्यात फसवा भाग येतो. इन्सुलिन सुरू झालं की काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांमध्ये एक चमत्कार दिसतो. शुगर आटोक्यात येते, डोस कमी कमी करावा लागतो, कधी कधी अगदी एक-दोन युनिटवर. याला डॉक्टरही 'हनिमून' म्हणतात. कारण साधं आहे. प्रतिकारशक्तीच्या तडाख्यातून काही बीटा पेशी अजून वाचलेल्या असतात, पण रक्तात साखरेचा पूर आल्यानं त्या थकून बसलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना उसंत मिळते आणि त्या परत कामाला लागतात. काही महिने चालतं, क्वचित वर्षाहून जास्त. हल्ला मात्र थांबलेला नसतो. एक दिवस त्याही पेशी संपतात आणि गरज पुन्हा वाढते.

आता वेळ जुळवून बघा. आजार निघाला, घर हादरलं, पंधरा दिवसांनी कुणीतरी पत्ता दिला, महिन्याभरानं पूड सुरू झाली. नेमकी त्याच सुमारास शुगर खाली यायला लागते! श्रेय कुणाला जाणार? ज्या आईला हनिमून हा शब्द कुणी सांगितलेला नाही, तिला तो गुण पुडीचाच दिसणार. मी तिच्या जागी असते तर मलाही दिसला असता. पुडीवाल्याला खोटं बोलावंही लागत नाही, त्यानं नुसतं "बघा, फरक पडतोय ना?" एवढं म्हटलं की पुरे. त्याच्याकडेही 'ना' आहे. आणि आमच्यापेक्षा चांगला वापरतो तो.

म्हणून म्हणते, नवीन माणसाशी बोलताना आपली स्पर्धा कुणाशी आहे हे ध्यानात ठेवायला हवं. भोंदूकडे ज्ञान शून्य, पण स्वागत पक्कं. आमच्याकडे ज्ञान पोत्यानं आणि दाराशी पाटी, 'आधी वर वाचा'. हादरलेला माणूस पहिल्या महिन्यात ज्ञान तोलून बघत नसतो. खुर्ची कुठे मिळते ते बघतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे उत्तरांचा भडिमार थांबवला. नवीन माणसानं लिहिलं की दहा मिनिटांत चाळीस मेसेज, एक म्हणतो नाचणी द्या, दुसरा सेन्सर कुठला घ्यायचा ते सांगतो, तिसरी आपल्या भाच्याला फिट कशी आली ते वर्णन करते, चौथे गृहस्थ सकाळच्या सूर्योदयाचं चित्र टाकून 'सकारात्मक रहा' म्हणतात. प्रत्येकाचा हेतू चांगला. पण नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला चाळीस जणांनी चाळीस दोर फेकले तर तो गुंतूनच बुडेल. आता आम्ही वार लावून घेतलेत. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत तसे, पण उलटे. इथे वाढणाऱ्याचे वार. त्या दिवशी जो नवीन येईल त्याला पहिलं उत्तर एकानंच द्यायचं, बाकीच्यांनी उद्यापर्यंत जिभेला आवर घालायचा. हा आवर पाळणं सगळ्यांत कठीण गेलं.

पहिलं उत्तर साधारण असं असतं: "ताई, मी जागी आहे. मुलाचं नाव काय? हा आजार तुमच्या कुठल्याही चुकीमुळे झालेला नाही. तो आज तरी बरा होत नाही, पण सांभाळता येतो, माझी मुलगी नऊ वर्षं सांभाळतेय. आत्ता फक्त एवढंच सांगा, झोपताना शुगर किती आली? उद्या अकरा वाजता फोन करू का?"

यात खरं लपवलेलं काही नाही. 'बरा होत नाही' हे स्पष्ट आहे. ते लपवून गोड बोलणं म्हणजे भोंदूचाच धंदा उघडणं. फरक क्रमाचा आहे. आधी कुणीतरी आहे हे कळतं, मग मुलाचं नाव, मग दोषमुक्ती, आणि मग ते कडू वाक्य. त्याला लगेच लागून करता येण्याजोगी एक गोष्ट. हनिमूनची गोष्ट आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर सांगतो, पूड घरात यायच्या आत. हे एक काम मात्र चुकवायचं नाही असं ठरलेलं आहे.

काही ठिकाणी मऊपणा चालत नाही तोही सांगून ठेवते. शुगर चढलेली आहे, मूल उलट्या करतंय, श्वास खोल चाललाय, गुंगीत आहे, असं कुणी लिहिलं की तिथे नावगाव विचारत बसायचं नाही. "आत्ता गाडी काढा, दवाखान्यात जा, वाटेत फोनवर बोलू." तसंच डोस किती द्यायचा हे ग्रुपवर कुणी कुणाला सांगायचं नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. माझ्या मुलीला चालणारे सहा युनिट दुसऱ्या मुलाला बेशुद्ध पाडू शकतात.

पुडीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं, नाव काढलं की ठणकावून सांगायचं. मला वाटतं, ठणकावलं की माणूस पूड सोडत नाही, सांगणं सोडतो. मी विचारते, "कुणी दिली? काय म्हणाले ते? डबा आहे का जवळ?" डब्यावर बहुतेक वेळा आत काय आहे ते लिहिलेलंच नसतं, हे तिचं तिलाच दिसतं. मग म्हणते, "माझं मत विचाराल तर देऊ नका. पण तुम्ही काहीही ठरवलंत तरी इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही, आणि हा डबा डॉक्टरांना दाखवायचा. एवढं कबूल?" यावर एक काका मला 'मवाळ' म्हणतात. होय, आहे मी मवाळ. त्यांच्या जहालपणानं किती डबे बाहेर पडले ते त्यांनी मोजावं.

आपुलकीनं आजार हटतो, असं मी म्हणत नाही. तसं वाटण्याजोगा एक अभ्यास १९८९ साली गाजला होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरभर पसरलेल्या स्तनांच्या कर्करोगाच्या ८६ बायकांचा अभ्यास केला, आणि दर आठवड्याला एकत्र बसून बोलणाऱ्या गटातल्या बायका सरासरीनं दीड वर्ष जास्त जगल्या असं दिसलं. लोक हरखून गेले. पण २००१ मध्ये २३५ बायकांवर तसाच मोठा अभ्यास कॅनडात झाला तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या, हे मात्र दिसलं. मला हा दुसरा निकाल जास्त विश्वासाचा वाटतो. शिवाय टाइप वनचं गणित वेगळं आहे. इथे औषध आहे, शंभर वर्षांपासून आहे. टोरांटोला जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं तेव्हापासून. प्रश्न असतो तो घाबरलेलं घर त्या औषधाशी टिकून राहतं का, एवढाच. त्या टिकून राहण्यात चार गोड शब्दांचा वाटा किती, हे मी त्या बाकड्यावर पाहिलंय.

आणखी एक बाजू आहे, जी आम्हाला फार उशिरा कळली. मदतीचा फायदा देणाऱ्यालाही होतो. बिल विल्सन हा दारू सोडलेला अमेरिकन माणूस १९३५ मध्ये अ‍ॅक्रन नावाच्या परक्या गावी एकटा होता, पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं, आणि स्वतःला सावरायला तो दुसऱ्या दारुड्याला शोधत निघाला. त्याला भेटला एक डॉक्टर. त्या भेटीतून दारू सोडणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. म्हणजे तिथे जुन्यालाच नव्याची गरज पडली होती. अमेरिकन अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली याच गोष्टीवर सविस्तर लिहिलं, की मदत करणाराच त्यातून सावरतो.

आमच्या आजारातला दाखला आर. डी. लॉरेन्स यांचा. हे ब्रिटिश डॉक्टर, स्वतःला मधुमेह, १९२३ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला शेवटचे दिवस मोजत होते. लंडनहून मित्राचा निरोप आला, इन्सुलिन मिळालंय, लगेच ये. ते कसेबसे पोचले, वाचले, आणि १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्यासोबत त्यांनी मधुमेहींची संघटना काढली. वेल्सनाही मधुमेह होता. आमच्या पोरांना ही गोष्ट माहीत आहे. त्यांना त्याहून जास्त आवडतं ते हे, की इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबरला, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन, आणि आपल्याकडे तोच बालदिन. त्या दिवशी दोन कारणांसाठी दोनदा जिलबी मागतात.

जिलबीवरून आठवलं. इंदूरमध्ये नव्या माणसाची खरी परीक्षा रविवारी सकाळी असते, पोहे-जिलबीशी. गेल्या महिन्यात एका नव्या कुटुंबाला आम्ही घरी नाश्त्याला बोलावलं. आई-बाबा, आठ वर्षांची मुलगी आणि आजी. आजींनी आल्या आल्या सांगून टाकलं की आमच्या घरात असलं कधी कुणाला झालेलं नाही, आणि नंतर कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरून गप्प बसल्या. मी ओट्यावर वजनकाटा ठेवून त्या मुलीच्या आईला दाखवत होते, ५० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे साधारण ३८ ग्रॅम कर्बोदकं (जेवणाचं इन्सुलिन त्यांच्यावरूनच ठरतं), वरची शेव वेगळी धरायची, आणि इंदुरात शेव वेगळी धरावीच लागते कारण इथे ती चिमूटभर कुणीच घेत नाही.

बाहेर माझ्या लेकीनं शुगर बघितली, पेन काढलं, पोटावर टोचून घेतलं. जिलबीची बशी पुढे ओढली. आजी बघत होत्या.

"दुखतं का गं?"

"थोडं. सुई नवी असली की कमी दुखतं."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आजींनी विचारलं, "किती दिवसांनी बदलायची असते सुई?"

"दर वेळी बदलायची असते, आजी." मग आवाज खाली आणून, "पण आईला सांगू नका, मी एकच तीन-तीन दिवस वापरते."